फिलाडेल्फिया गुणसूत्र

फिलाडेल्फिया गुणसूत्र : मानवी कोशिकेतील (पेशीतील) ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांच्या (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून पुढच्या पिढीत नेणाऱ्या सूत्ररूप घटकांच्या) तुटलेल्या टोकांची अदलाबदल होऊन तयार झालेले, नेहमीपेक्षा आखूड असे २२ वे गुणसूत्र. दीर्घकालिक मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुद (रक्तकर्काचा एक प्रकार) या विकाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांच्या अस्थिमज्जेतील कोशिकांत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसून येते. विशिष्ट कर्करोगाशी निश्चित संबंध जोडता आला असे हे पहिलेच गुणसूत्र होय. कर्करोग हा मुळात कोशिकेच्या आनुवंशिक द्रव्यातील बिघाड आहे, या कल्पनेला पहिला भक्कम प्रत्यक्ष आधार त्याने दिला आणि त्या बिघाडावरच नेमके काम करणारे औषध तयार करता येते, हेही प्रथम याच गुणसूत्राच्या अभ्यासातून सिद्ध झाले. या दोन घटनांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे.

हे गुणसूत्र जन्मजात नसते व आईवडिलांकडून मुलांकडे जात नाही. अस्थिमज्जेतील रक्तोत्पादक मूल कोशिकांपैकी एखाद्या कोशिकेत आयुष्यात केव्हातरी ही अदलाबदल होते आणि पुढे त्या एका कोशिकेचा वंश वाढत जातो. त्यामुळे रुग्णाच्या रक्तोत्पादक कोशिकांत ते सापडते, त्वचेच्या किंवा इतर ऊतकांच्या कोशिकांत सापडत नाही. ‘आनुवंशिक द्रव्यातील बिघाड’ आणि ‘आनुवंशिक रोग’ या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत केल्यामुळे या रुग्णांच्या कुटुंबीयांना, विशेषतः विवाहाच्या प्रसंगी, विनाकारण त्रास सोसावा लागतो.

रोगाचे स्वरूप : स्कॉटलंडमधील जॉन ह्यूझ बेनेट (१८१२—७५) व जर्मनीतील रूडोल्फ फिरखो (१८२१—१९०२) यांनी १८४५ मध्ये स्वतंत्रपणे अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. प्लीहा (पानथरी) अतिशय वाढलेली व रक्तात श्वेतकोशिकांची संख्या इतकी मोठी की रक्त पुवासारखे दिसावे, अशी ती वर्णने आहेत. रोग हळूहळू वाढतो. थकवा, वजन घटणे, घाम येणे, पोटाच्या डाव्या बाजूस जडपणा वाटणे ही लक्षणे असतात. पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत तो अकस्मात उघडकीस येतो. प्रभावी उपचार न झाल्यास काही वर्षांच्या संथ अवस्थेनंतर रोग उग्र रूप धारण करतो. अपक्व कोशिकांचा रक्तात पूर येतो आणि रुग्ण काही महिन्यांत दगावतो. या शेवटच्या टप्प्यास प्रस्फोट अवस्था म्हणतात. संथ व प्रस्फोट या दोहोंमध्ये पूर्वी एक त्वरित अवस्था मानीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात ती वगळली आहे. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी रुग्णांचे वय बहुधा साठीच्या आसपास असते. भारतात मात्र ते चाळिशीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळते. म्हणजे घरातील कर्ती व्यक्तीच बहुधा आजारी पडते.

एकोणिसाव्या शतकात यावर सोमलयुक्त द्रावण देत. विसाव्या शतकात क्ष-किरण, बुसल्फान, हायड्रॉक्सियूरिया व पुढे इंटरफेरॉन यांचा उपयोग झाला. पहिल्या तिहींनी श्वेतकोशिकांची संख्या कमी होई व रुग्णाला आराम वाटे. परंतु रोगाची वाटचाल फारशी बदलत नसे. इंटरफेरॉनने काही रुग्णांचे आयुष्य वाढले, तथापि त्याचे दुष्परिणाम अनेकांना असह्य होत. जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जेचे प्रतिरोपण हाच रोग समूळ बरा करण्याचा एकमेव मार्ग होता आणि तो स्वतःच जीवघेणा ठरण्याचा संभव असे.

शोध : मानवी कोशिकेत ४६ गुणसूत्रे असतात हे जो हिन त्ज्यो व आल्बेर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी कित्येक वर्षे ही संख्या ४८ मानली जात होती. ज्या काळी गुणसूत्रे मोजणेही इतके अवघड होते, त्या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विकृतिवैज्ञानिक पीटर नोवेल (१९२८—२०१६) रक्तकर्काच्या कोशिका काचपात्रात वाढवून त्यांचा अभ्यास करीत होते. काचपट्ट्या त्यांनी नळाच्या साध्या पाण्याने धुतल्या. या विरल द्रवामुळे कोशिका फुगल्या व त्यांतील गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होऊन पसरली. गुणसूत्रांचा विशेष अभ्यास नसल्यामुळे नोवेल यांनी फिलाडेल्फियातीलच दुसऱ्या एका कर्करोग संशोधन संस्थेतील डेव्हिड हंगरफर्ड (१९२७—९३) या तरुण संशोधकाचे साहाय्य घेतले. हंगरफर्ड यांच्या सरावलेल्या नजरेला या विशिष्ट रोगाच्या रुग्णांमध्ये एक अगदी लहान गुणसूत्र पुनःपुन्हा आढळले. १९६० मध्ये सायन्स या नियतकालिकात या दोघांनी सात रुग्णांवरील निष्कर्ष एका लहानशा टिपणाद्वारे जाहीर केला. ज्या शहरात शोध लागला त्याचे नाव गुणसूत्राला देण्यात आले.

जर्मन जीववैज्ञानिक टेओडोर बोव्हेरी (१८६२—१९१५) यांनी १९१४ मध्येच असा तर्क मांडला होता की, गुणसूत्रांतील विकृतीमुळे कर्करोग उद्‌भवत असावा. पण १९६० नंतरही बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत असे होते की, गुणसूत्रांतील गोंधळ हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे. इतर कर्करोगांत असे एकच ठरावीक गुणसूत्र काही केल्या सापडेना, त्यामुळे या मताला बळकटी आली आणि नोवेल-हंगरफर्ड यांचा शोध बारा-तेरा वर्षे एक अपवाद म्हणून बाजूला पडला. या गुणसूत्राचा लहानपणा हा त्याचा काही भाग हरवल्याने आला असावा, असाच तोवर सर्वांचा समज होता.

१९७० च्या सुमारास स्वीडनमधील टी. कास्परसॉन व त्यांचे सहकारी यांनी विशिष्ट रंजकद्रव्ये वापरून गुणसूत्रांवर आडवे पट्टे दिसतील असे तंत्र विकसित केले. प्रत्येक गुणसूत्राचा पट्ट्यांचा नमुना वेगळा असल्याने ती एकमेकांपासून निश्चित ओळखता येऊ लागली. हे आखूड गुणसूत्र पूर्वी समजत त्याप्रमाणे २१ वे नसून २२ वे आहे, हे त्यामुळे कळले. शिकागो येथील जॅनेट राउली (१९२५—२०१३) यांनी याच तंत्राने काढलेली छायाचित्रे घरी नेऊन, गुणसूत्रे एकेक कापून जेवणाच्या टेबलावर मांडून त्यांच्या जोड्या लावल्या. २२ व्या गुणसूत्राचा जेवढा भाग नाहीसा झाला आहे, साधारण तेवढाच जास्तीचा भाग ९ व्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेला आहे, हे त्यांना दिसले. काहीही हरवलेले नव्हते; जागांची अदलाबदल झाली होती. १९७३ मध्ये नेचर मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या निष्कर्षामुळे स्थानांतरण ही संकल्पना कर्करोगविज्ञानात रुजली. महत्त्वाचे म्हणजे शोधाची दिशा बदलली : ‘कोणता जीन गेला’ याऐवजी ‘कोणते दोन जीन शेजारी आले’ हा प्रश्न विचारता येऊ लागला. नोवेल व राउली यांना १९९८ चा लास्कर पुरस्कार ॲल्फ्रेड नुडसन यांच्यासमवेत मिळाला.

जोडजीन व त्याचे प्रथिन : उत्तर मिळण्यास उंदरांतील एका व्हायरसाचा उपयोग झाला. १९७० मध्ये एबलसन व रॅबस्टीन यांनी उंदरांत रक्तकर्कासारखा रोग उत्पन्न करणारा एक व्हायरस वेगळा केला होता. त्यातील कर्कजनक जीन मूळचा उंदराच्या निरोगी कोशिकेतला असून व्हायरसाने तो उचलला होता, असे पुढे दिसून आले. त्याला ‘एबल’ हे नाव मिळाले. या जीनाची मानवी आवृत्ती ९ व्या गुणसूत्रावर असते. दीर्घकालिक मज्जाजन्य रोगात ती तेथून निघून २२ व्या गुणसूत्रावर जाते, हे रॉटरडॅम व अमेरिका येथील संशोधकांनी १९८२ मध्ये दाखविले. २२ व्या गुणसूत्रावरील तुटण्याच्या जागा वेगवेगळ्या रुग्णांतही सुमारे ५,८०० क्षारक-जोड्यांच्या आखूड पट्ट्यातच एकवटलेल्या आढळल्या. त्या पट्ट्यावरून तेथील जीनाला ‘बीसीआर’ म्हणजे ‘भंगस्थानांचा पुंजका’ या अर्थाचे नाव पडले. दोन्ही जीन सलग जोडले जाऊन त्यांपासून एकच संयुक्त संदेश व एकच संयुक्त प्रथिन बनते.

हे प्रथिन काय करते, यात या विकाराचे मर्म आहे. एबल प्रथिन हे टायरोसीन कायनेज वर्गातील एंझाइम आहे. ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या ऊर्जावाहक रेणूतील फॉस्फेट गट काढून तो दुसऱ्या प्रथिनांतील टायरोसीन या ॲमिनो अम्लावर बसविणे, हे त्याचे काम. असा गट बसला की ते दुसरे प्रथिन कार्यान्वित होते व कोशिकेला विभाजनाचा किंवा जिवंत राहण्याचा संदेश पुढे पोहोचवते. निरोगी कोशिकेत एबल प्रथिन बहुतेक वेळ स्वतःलाच मुडपून बंद स्थितीत असते व गरजेपुरते उघडते. जोडप्रथिनात त्याचे आवर घालणारे टोक गळून पडते आणि त्या जागी बीसीआरचा तुकडा येतो. या तुकड्यामुळे असे रेणू एकमेकांना चिकटतात व परस्परांना सतत चालू ठेवतात. भिंतीवरचे बटन चालू स्थितीतच अडकून बसावे, तशी ही स्थिती होय. कोशिका बाहेरून संदेश नसतानाही विभागत राहते, मरण्याचे टाळते आणि पूर्ण वाढ होण्याआधी मज्जा सोडून रक्तात उतरते. १९९० मध्ये जॉर्ज डेली, डेव्हिड बॉल्टिमोर व सहकारी यांनी हा जोडजीन उंदरांच्या अस्थिमज्जेत घातला, तेव्हा त्यांना मानवी रोगासारखाच रोग झाला. कारण की परिणाम हा तीस वर्षांचा वाद त्याबरोबर मिटला.

हीच दोन गुणसूत्रे का जुळतात, याचे उत्तर अंशतःच मिळाले आहे. विभाजन होत नसताना केंद्रकामध्ये या दोन जीनांच्या जागा अपेक्षेपेक्षा जवळ असतात, असे दिसून आले आहे. आयनीकारक प्रारण हे एक निश्चित कारण आहे. हीरोशीमा येथील अणुबाँबच्या स्फोटातून वाचलेल्यांत या रोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कोणतेही बाह्य कारण दाखविता येत नाही. अतिसंवेदनशील तंत्राने पाहिल्यास काही निरोगी माणसांच्या रक्तातही या जोडजीनाचा अत्यल्प अंश सापडतो व त्यांना रोग होत नाही. म्हणजे चूक नेमक्या योग्य मूल कोशिकेत, नेमक्या रीतीने झाली तरच रोग मूळ धरतो, असे मानावे लागते.

औषध : सतत चालू असलेले एंझाइम बंद केले, तर रोग थांबेल, ही कल्पना सरळ आहे, पण १९८० नंतरच्या दशकात ती अव्यवहार्य समजली जाई. मानवी कोशिकेत पाचशेहून अधिक कायनेजे असून त्या सर्वांना एटीपी लागते. एटीपीची खाच बुजविणारे औषध सर्वच कायनेजांना अडवील व ते विष ठरेल, अशी भीती होती. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा-गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत निकोलस लायडन, युर्ग त्सिमरमान व सहकारी यांनी एका मूळ संयुगात टप्प्याटप्प्याने फेरफार करून निवडक परिणाम असलेली संयुगे तयार केली. अमेरिकेतील ऑरेगन येथील ब्रायन ड्रुकर यांनी त्यांतील एक संयुग रुग्णांच्या कोशिकांवर वापरून पाहिले. फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या कोशिका मेल्या, निरोगी कोशिका बहुतांशी वाचल्या. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच इमॅटिनिब होय. त्याच वर्षी कंपनीचे सँडोझशी विलीनीकरण होऊन नोव्हार्टिस ही कंपनी अस्तित्वात आली. रोगी थोडे, म्हणून बाजारपेठ लहान. शिवाय कुत्र्यांवरील चाचण्यांत यकृतावर दुष्परिणाम झालेले. औषध पुढे न्यावे की नाही याविषयी कंपनीत बराच काळ संदेह होता. ड्रुकर यांनी चिकाटीने पाठपुरावा केला नसता, तर ते कपाटातच राहण्याचा संभव होता.

मानवी चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या व रोज ३०० मिग्रॅ. किंवा अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तचित्र पूर्णपणे पूर्वपदावर आले. पहिल्याच टप्प्यातील चाचणीत, जिचा हेतू केवळ सुरक्षित मात्रा ठरविण्याचा असतो, असा निष्कर्ष कर्करोगाच्या इतिहासात क्वचितच आढळतो. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. १,१०६ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत अठरा महिन्यांनंतर इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्के रुग्णांच्या मज्जेत हे गुणसूत्र दिसेनासे झाले. जुन्या उपचाराच्या गटात हे प्रमाण सुमारे १४·५ टक्के होते. दहा वर्षांनंतर इमॅटिनिब गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण जिवंत होते. सर्वसाधारण मात्रा दिवसाला ४०० मिग्रॅ. असते व औषध तोंडाने घेतात. पायावर व डोळ्यांभोवती सूज, मळमळ, स्नायूंत पेटके हे नेहमीचे त्रास आहेत. औषध चुकविणे मात्र महागात पडते. मात्रा वारंवार चुकविणाऱ्या रुग्णांत प्रतिसाद ठळकपणे कमी आढळतो.

प्रतिरोध : उग्र अवस्थेतील रुग्णांना सुरुवातीस गुण येऊन काही महिन्यांत रोग उलटू लागला. चार्ल्स सॉयर्स व सहकारी यांनी २००१ मध्ये याची दोन कारणे दाखविली. काहींत जोडजीनाच्या प्रतीच वाढल्या होत्या. काहींत त्या जीनातील एका सायटोसिनाच्या जागी थायमीन येऊन प्रथिनातील ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनाऐवजी आयसोल्यूसीन हे ॲमिनो अम्ल आले होते. इमॅटिनिब ज्या खाचेत बसते तिच्या तोंडाशीच हे स्थान आहे. नव्या ॲमिनो अम्लाशी औषधाचा हायड्रोजन बंध जुळत नाही व त्याच्या आकारमानामुळे वाटही अडते. एंझाइमाचे स्वतःचे काम मात्र बिनबोभाट चालू राहते. जीवाणूंतील प्रतिजैवकरोधासारखाच निवडीचा हा प्रकार असून, ड्रुकर, लायडन व सॉयर्स यांना २००९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

डॅसॅटिनिब (२००६), निलोटिनिब (२००७), बोसुटिनिब व पोनॅटिनिब (दोन्ही २०१२) ही पुढची औषधे होत. ३१५ व्या स्थानाच्या उत्परिवर्तनावर यांपैकी केवळ पोनॅटिनिब उपयोगी पडते. पण त्याने रक्तवाहिन्या अवरुद्ध होण्याचा धोका असतो. २०२१ मध्ये मान्य झालेले ॲसिमिनिब निराळ्या तत्त्वावर आधारलेले आहे. ते एटीपीच्या खाचेला हात लावीत नाही. निरोगी एबल प्रथिन ज्या दुसऱ्या खाचेच्या साहाय्याने स्वतःला मुडपून घेते, त्या खाचेत बसून ते जोडप्रथिनाला बंद स्थितीत आणते.

औषध थांबविता येते का? : जोडजीनाच्या संदेशाचे प्रमाण आता रक्ताच्या थेंबांतून मोजता येते. फ्रान्समधील एका चाचणीत किमान दोन वर्षे हा संदेश मुळीच न आढळलेल्या १०० रुग्णांचे इमॅटिनिब थांबविण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे ४० टक्के रुग्णांत रोग परतला नाही. ज्यांच्यात परतला, ते औषध पुन्हा सुरू करताच बहुधा पूर्ववत झाले. औषधाने सर्व रोगमूल कोशिका नष्ट होत नाहीत, हे प्रयोगांत दिसून आले आहे. तरीही काही रुग्ण औषधाविना निरोगी राहतात. त्यांत शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा वाटा असावा, असा एक तर्क आहे. नियमित व विश्वसनीय मोजणीची सोय नसेल, तेथे औषध थांबविणे योग्य नाही.

किंमत व भारतातील एकस्वाचा वाद : आयुष्यभर घ्यावयाच्या औषधाची किंमत हा या रुग्णांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता. मूळ कंपनीच्या औषधाचा भारतातील खर्च दरमहा सुमारे १,२०,००० रु., तर भारतीय कंपन्यांनी बनविलेल्या त्याच औषधाचा सुमारे ८,००० रु. होता. अनेक रुग्णांना कंपनी आपल्या साहाय्य योजनेतून औषध विनामूल्य देत असे, हेही नमूद केले पाहिजे. इमॅटिनिब मेसिलेटाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर एकस्व (पेटंट) मिळावे म्हणून नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नई येथे अर्ज केला होता. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था व काही भारतीय औषध कंपन्या यांनी त्यास हरकत घेतली आणि २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. २००५ मध्ये सुधारलेल्या एकस्व अधिनियमाच्या ३ (घ) या कलमानुसार ज्ञात पदार्थाचे नवे रूप, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, नवा शोध ठरत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता, शरीरात शोषले जाण्याचे वाढलेले प्रमाण एवढ्याने ती सिद्ध होत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. नव्या संशोधनाचे उत्तेजन याने खचेल, अशी टीका औषध उद्योगाने केली. तथापि न्यायालयाने मूळ रेणूच्या शोधाचे श्रेय नाकारले नव्हते, केवळ त्याच्या रूपांतरावर वेगळे एकस्व नाकारले होते. अमेरिकेतही मूळ एकस्व संपल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईस्थित सन फार्मा या कंपनीचे इमॅटिनिब बाजारात आले.

इतर कर्करोग : फिलाडेल्फिया गुणसूत्र प्रौढांतील तीव्र लसीका-कोशिकार्बुदाच्या सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांतही आढळते. तेथे जोडप्रथिन बहुधा आकाराने लहान असते आणि एकट्या इमॅटिनिबचा प्रभाव टिकत नाही. इतर औषधांबरोबर ते दिल्याने मात्र परिणाम पुष्कळ सुधारले आहेत. इमॅटिनिब किट या दुसऱ्या कायनेजालाही अडविते व त्यामुळे जठर-आतड्यांतील एका विशिष्ट अर्बुदावर ते उपयोगी ठरले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत एएलके जीनाचे असेच जोडरूप जपानी संशोधकांना २००७ मध्ये सापडले आणि त्यावरचे क्रिझोटिनिब हे औषध अवघ्या चार वर्षांत, २०११ मध्ये, मान्य झाले.

यावरून प्रत्येक कर्करोगाला असाच एक बिघाड व त्यावर एक गोळी असेल, अशी आशा २००१ नंतर व्यक्त झाली; ती फलद्रूप झालेली नाही. संथ अवस्थेतील हा रोग प्रायः एकाच जीनदोषावर उभा असतो. स्तन, मोठे आतडे, फुप्फुस इत्यादींच्या अर्बुदांत अनेक जीनांतील दोष वर्षानुवर्षे साचलेले असतात व एकाच अर्बुदाच्या निरनिराळ्या भागांत ते निरनिराळे असू शकतात. एक मार्ग अडविला की कोशिका दुसरा शोधतात. खुद्द या विकारातही प्रस्फोट अवस्था आली की इतर जीनांतील दोष भर घालतात, औषधाचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि शक्य असेल त्या रुग्णात आजही प्रतिरोपणाचाच अवलंब करावा लागतो.